काका, दोन रात्री तुम्ही मुलाकडे जाऊन राहा

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ७१ वर्षांचा आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालो. बोपोडीत स्वतःचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. पत्नी मागच्या वर्षी गेली. आता घरात मी आणि बेबी. बेबी ३६ वर्षांची, तिला डाउन सिंड्रोम आहे. सकाळी कार्यशाळेत जाते, कागदी पिशव्या चिकटवते, दिवाळीला पणत्या रंगवते. तिथे एक मैत्रीण आहे, तिच्याशिवाय डबा उघडत नाही. अंघोळ, कपडे स्वतःचे स्वतः करते. चहा करते, कुकर लावते. पैशाचं कळत नाही.

दोन महिन्यांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मला तीन दिवस दवाखान्यात राहावं लागलं. मुलगा कंपनीच्या कामाने बंगळूरला होता. सून वाकडहून येईपर्यंत रात्रीचे दहा वाजले. बेबीने आतून कडी घातली होती. शेजारीपाजारी जमले, पण दार उघडेना. शेवटी मी फोनवर बोललो तेव्हा उघडलं. दिवसभर नुसते टोस्ट खाल्ले होते.

मुलगा म्हणतो, बाबा, आपल्याकडे आणू. सून काही बोलत नाही, पण त्यांचं घर लहान, दोन मुलं. मला त्यांच्या संसारावर ओझं टाकायचं नाही. चांगली संस्था सुचवा. एकरकमी पैसे भरायची तयारी आहे. मी गेल्यावर तिला तिथे शेवटपर्यंत ठेवतील अशी लेखी हमी हवी.

— एक वडील, बोपोडी

काका, सप्रेम नमस्कार.

बेबीने दार उघडलं नाही याचा तुम्ही फार धसका घेतलेला दिसतो. मी तो मजकूर पुन्हा वाचला तेव्हा मला दिसलं ते असं. घरात एकटी बाई, रात्रीची वेळ, बाहेर चारसहा माणसं दार वाजवतायत. तिने कडी काढली नाही. वडिलांचा आवाज ओळखला तेव्हा काढली. भूक लागली तर डबा शोधून टोस्ट खाल्ले, गॅसच्या वाटेला गेली नाही. कुठल्याही शहाण्या बाईने त्या वेळी आणखी वेगळं काय केलं असतं? हे तिच्या आईने शिकवलेलं असणार, आणि आई गेल्यावरही तिने ते धरून ठेवलंय.

चुकलं ते आपलं, मोठ्यांचं. ऑपरेशन आधी ठरलेलं असणार. बाबा तीन दिवस नाहीत, आज रात्री वहिनी येईल, वहिनीचा आवाज आला की दार उघडायचं, हे तिला समोर बसवून, दोनतीन दिवस आधीपासून, पुन्हा पुन्हा सांगायला हवं होतं. ते झालेलं दिसत नाही. रागावू नका. हे मी तुम्हाला सांगू शकते, कारण आमच्या घरी याहून मोठी चूक झालीय.

माझा धाकटा भाऊ बौद्धिक दिव्यांग. आमच्या लहानपणी सगळे मतिमंदच म्हणायचे. आई एका सकाळी गेली, आजारपण नाही, काही नाही. भाऊ तेव्हा ४१ वर्षांचा होता आणि आईशिवाय एक रात्र झोपलेला नव्हता. तेरावा उरकायच्या आत आम्ही त्याला एका निवासी संस्थेत नेऊन ठेवलं, कारण दुसरं काही सुचलंच नाही. तिथे सगळ्यांचे कपडे एकत्र धुतले जात आणि ज्याला जो होईल तो शर्ट मिळे. माझ्या भावाला खिशात पेन लागायचं. लिहिता येत नाही, पण पेन हवं. तिसऱ्यांदा भेटायला गेले तर अंगात बिनखिशाचा टी-शर्ट, आणि पेन मुठीत आवळलेलं. रोज संध्याकाळी पिशवी घेऊन तो फाटकाशी उभा राहायचा, असं तिथल्या मावशींनी सांगितलं. दोन वर्षांनी एकदा चहा पिताना तो मला म्हणाला, "मी कप फोडला ना." आई गेली त्याच्या आदल्या दिवशी त्याच्या हातून कप फुटला होता. त्या कपाची शिक्षा म्हणून आपल्याला घराबाहेर काढलं, असं समजून त्याने दोन वर्षं काढली. आम्हाला पत्ताही नव्हता.

म्हणून तुमच्या पत्रातल्या "मी गेल्यावर" या शब्दांशी मी अडते. बेबीची पुढची राहणी कुठलीही ठरो, ती तुम्ही हिंडते-फिरते असताना सुरू व्हायला हवी. तिने रविवारी फोन केला तर तुम्ही तो उचलायला हवा. तिथे काही खुपलं तर तिला सांगायला बाप हवा, आणि नाहीच जमलं तर परत यायला बोपोडीचं घर हवं. आई आणि घर एकाच आठवड्यात गमावलेलं माणूस कसं होतं ते मी पाहिलंय. तिची आई गेली, हे एक दुःख अजून ओलं आहे. त्यावर दुसरं तसंच पडायला नको.

तर पहिलं काम: येत्या महिन्यात दोन रात्री तुम्ही वाकडला मुलाकडे राहायला जा. बेबी बोपोडीतच राहील. तिच्या ओळखीची, तिला आवडणारी एखादी बाई, शेजारच्या काकू किंवा कार्यशाळेतल्या मावशी, दुसऱ्या खोलीत झोपायला येऊ दे. आठवडाभर आधी कालनिर्णयवर त्या दोन तारखांना बेबीच्याच हाताने गोल करून घ्या. त्या दिवशी भाजी कुठली, ते ती ठरवेल. फोनची वेळ एकच, रात्री आठ. तुम्हाला सात वाजल्यापासून हात शिवशिवतील, पण मधे फोन करू नका. आणि रविवारी अकराला येतो म्हणालात तर अकरालाच या, सव्वाअकराला नाही. तुमच्या येण्यावर तिचा भरवसा बसला की तुमच्या जाण्याची भीती आपोआप उतरेल. पुढच्या महिन्यात तीन रात्री. मग आठवडा. मग एकदा तिने वाकडला जाऊन राहायचं, पाहुणी म्हणून, परतीची तारीख ठरवून.

या दिवसांत एक वही ठेवा. तिला काय जमलं, कुठे अडली, कशाने घाबरली. तुमच्या पत्रात तिला काय येतं, काय येत नाही याबद्दल चार ओळी आहेत, पण मला शंका आहे की तुम्हाला त्याहून बरंच माहीत नाही, कारण इतकी वर्षं ते तिच्या आईला माहीत होतं. कुकर लावते म्हणता, पण शिट्ट्या कशा मोजते? मी शिकवायचे त्या वर्गातल्या एका मुलीने स्वतःच युक्ती काढली होती. ओट्यावर तीन चिंचोके मांडायचे, शिट्टी झाली की एक वाटीत टाकायचा, ओट्यावरचे संपले की गॅस बंद. तिला तीनपर्यंत मोजता येत नव्हतं, पण तिचा भात कधी लागला नाही. पैशाचंही तसंच आहे. पैशाचं कळत नाही, हे खरंच, पण तिच्या हातात कधी दिलेत का? दुधाचे नेमके पैसे एका छोट्या पाकिटात घालून द्या. रोज तेच दुकान, तोच दुकानदार. सहा महिन्यांनी मला कळवा.

इथे एक गोष्ट मनाशी स्पष्ट करून घ्या. स्वतंत्र राहणं म्हणजे सगळं एकटीने करणं नव्हे. अमेरिकेत एड रॉबर्ट्स नावाचे गृहस्थ होते. पोलिओमुळे मानेखाली जवळपास लुळे, रात्री श्वासासाठी लोखंडी यंत्रात झोपावं लागे. १९६२ मध्ये त्यांनी बर्कलीच्या विद्यापीठात प्रवेश मिळवला. राहायला वसतिगृह चालेना म्हणून विद्यापीठाच्या इस्पितळातच खोली घेतली. पुढे १९७२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्यासारख्या मित्रांनी मिळून बर्कलीत 'स्वतंत्र जीवन केंद्र' काढलं, आणि जगभरची चळवळ तिथून पसरली. त्यांना कपडे चढवायला माणूस लागायचं. पण कुठले कपडे, कुठे जायचं, मदतीला कोण माणूस ठेवायचं, हे ते ठरवायचे. तुमच्या खडकीतच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. पाठीच्या कण्याला इजा झालेले जवान तिथे राहतात, काम करतात, खेळतात. चाकाच्या खुर्चीतून बाजारात येणारी ही माणसं तुम्ही नोकरीच्या काळात पाहिली असतील. त्यांना उतार हवा, रुंद दार हवं, खुर्ची हवी. बेबीला पायऱ्यांची अडचण नाही. तिला हवं आहे रोज तेच माणूस, तीच वेळ, आणि निर्णयाच्या वेळी सोप्या शब्दांत समजावणारं कुणीतरी. उतारासारखीच तीही सोयच आहे.

कायदाही हेच म्हणतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचं पाचवं कलम समाजात राहण्याच्या हक्काचं आहे. अमुकच ठिकाणी राहिलं पाहिजे अशी सक्ती दिव्यांग माणसावर नसावी आणि घरात, निवासात, वस्तीत अशा वेगवेगळ्या मदतीच्या सोयी त्याला मिळाव्यात, यासाठी सरकारने झटावं असं त्यात लिहिलंय. सोयी अजून पुष्कळ कमी आहेत, हे तुम्ही-मी दोघंही जाणतो. पण बेबीला कुठे ठेवायचं, हा प्रश्न कायद्याच्या भाषेत बेबीला कुठे राहायचंय असा आहे. तिला विचारलंत का, हे पत्रात नाही.

आता मला सर्वांत जवळचा वाटणारा पर्याय. तुमचा फ्लॅट दोन बेडरूमचा. बेबीची एक मैत्रीण आहे, जिच्याशिवाय ती जेवत नाही. त्या मैत्रिणीलाही आईवडील असतील, तेही रात्री जागत असतील. त्यांना भेटा. ती मैत्रीण, जमल्यास आणखी एक जण, आणि राहती मदतनीस बाई, असं घर बोपोडीतच सुरू होऊ शकतं. बेबीला घर सोडावं लागणार नाही, कार्यशाळेचा रस्ता बदलणार नाही, दुकानदार तोच. जागा बदलाल ती तुम्ही. आधी आठवड्यातले दोन दिवस वाकडला, मग चार. मैत्रीणही पहिल्या महिन्यात शनिवार-रविवारच येईल.

हे सोपं नाही, आणि मी ते सोपं करून सांगणार नाही. ब्यूरोतून आलेली बाई दोन महिन्यांत सोडून जाते, म्हणून पहिल्यापासून दोघी तयार हव्यात. एकीच्या सुट्टीला दुसरी. पोलिस पडताळणी, पगार ठरल्या तारखेला, आठवड्याची सुट्टी, आणि तिच्याशी माणसासारखं वागणं, कारण तुमच्या मुलीचे दिवस तिच्या मूडवर जाणार आहेत. दर आठवड्याला एका घरच्या पालकाने अवेळी चक्कर मारायची. खर्चाची वाटणी, कुणी आजारी पडलं तर काय, कुणाला बाहेर पडायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं, हे सगळं कागदावर, सह्यांनिशी. सोसायटीच्या कमिटीला आधी भेटा, नंतर कळलं की माणसं उगाच बिथरतात. आणि पाठीशी एखादी नोंदणीकृत संस्था असू द्या, तुमच्या कार्यशाळेचीच असेल तर उत्तम. तिघींच्या म्हाताऱ्या पालकांच्या खांद्यावर घर चालत नाही, दहा वर्षांनी ते खांदे नसतात.

असं कुठे झालंय का, असं तुम्ही विचाराल. चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेने मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं अडकलेल्या बायकांना चार-पाच जणींच्या गटाने वस्तीतल्या साध्या भाड्याच्या घरांत राहायला नेलं. उपक्रमाचं नाव 'होम अगेन'. त्यांच्या अडचणी वेगळ्या, पण साध्या गल्लीतलं साधं घर आणि सोबतीला प्रशिक्षित बाई, ही घडी तीच. आणि पालकांनी एकत्र येऊन निवास उभा केल्याचं उदाहरण आपल्या डोंबिवलीजवळ खोणीला आहे, अमेय पालक संघटनेचं 'घरकुल'. तिथे एकदा मुलाला घेऊन जाऊन या. ज्यांनी ते बांधलं ते तुमच्यासारखेच नोकरदार आईबाप होते.

आता संस्था. मी संस्थांच्या विरोधात नाही, माझा भाऊ आजही एका संस्थेत राहतो, दुसऱ्या आणि चांगल्या. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात कोळवणच्या खोऱ्यात 'साधना व्हिलेज' आहे. बौद्धिक दिव्यांग प्रौढ तिथे मोठ्या दालनात खाटा मांडून राहत नाहीत, घरांत राहतात, घराला गृहमाता असते, आणि दिवसाला काम असतं. शहरातच हवं तर कोथरूडची 'सावली' बघा. जागा आहे का, बेबीला घेतील का, हे तुम्हाला तिथेच जाऊन कळेल. प्रतीक्षायादी असली तर नाव आजच घाला, जायचं पुढे ठरवा.

पण कुठेही गेलात तरी ऑफिसात बसून माहितीपत्रक वाचू नका. संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला जा, आगाऊ न कळवता. देणगीदारांच्या नावांचा फलक सोडा, न्हाणीघराकडे जा. आतून कडी आहे का? कपड्यांची कपाटं ज्याची त्याची आहेत का? तिथे राहणाऱ्या एखादीला म्हणा, तुझी खोली दाखवतेस? ती काय दाखवते आणि कशाशी थांबते ते बघा. रात्री किती बायका ड्यूटीवर असतात, आजारी पडल्यावर कुठल्या दवाखान्यात नेतात, घरी फोन कधीही करता येतो की वार ठरलेला आहे, हे विचारा. पहिले तीन महिने भेटायला येऊ नका, ती रुळू दे, असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. नोंदणी प्रमाणपत्र मागायला लाजू नका. २०१६च्या कायद्याने दिव्यांगांच्या संस्थांना नोंदणी सक्तीची आहे, आणि राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे.

एक गोष्ट बाप म्हणून तुम्हाला ऐकायला जड जाईल, पण तिची आई आता नाही, म्हणून मीच सांगते. मुलींच्या बाबतीत काही ठिकाणी पाळीची अडचण पुढे करून गर्भपिशवी काढून आणा असं सुचवलं जातं. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींवर पुण्यात अशा शस्त्रक्रिया झाल्या आणि देशभर गदारोळ उठला. तेव्हाही कारण स्वच्छतेचंच सांगितलं गेलं होतं. आज २०१६च्या कायद्याचं दहावं कलम सांगतं, की दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय तिला वंध्यत्व येईल अशी शस्त्रक्रिया करता येत नाही. प्रवेशाची अट म्हणून कुणी हे मागितलं तर त्या संस्थेचं नाव यादीतून काढा. बेबी पाळीत स्वतःचं कसं करते, हे सुनेला तिच्याशी बोलून घेऊ द्या. त्याच बोलण्यात शरीराच्या सगळ्या भागांची नावं, आणि नको असेल तर नाही म्हणायचं, ओरडायचं, सांगायचं, हेही यायला हवं. दार न उघडणारी मुलगी हे नक्की शिकेल.

शेवटपर्यंत ठेवण्याची लेखी हमी मिळेलही, काका. पण संस्था बंद पडतात, विश्वस्त बदलतात. एकरकमी मोठी रक्कम भरण्याआधी परताव्याची अट वाचा, आणि सगळी पुंजी एका ठिकाणी बांधू नका. तुमच्याकडे त्या कागदापेक्षा भक्कम एक गोष्ट आहे: तुमचं पेन्शन. केंद्राच्या नियमांनुसार स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या दिव्यांग मुलीला आईवडिलांच्या मागे हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. ते शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि कमीत कमी ९,००० रुपये, वर महागाई सवलत. कार्यशाळेत मिळणाऱ्या किरकोळ मानधनाने ते अडत नाही. महत्त्वाचं असं, की तुम्ही हयात असतानाच तिचं नाव पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शनच्या मंजुरी आदेशात, घालून घेता येतं. हे या महिन्यात करा. तुमच्या मागे मुलाने मृत्यूचा दाखला घेऊन टेबलोटेबली हिंडायचं, त्यापेक्षा तुम्ही स्वतः सही करून आलेलं बरं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) तयार नसेल तर आधी ते.

दुसरा कागद पालकत्वाचा. मूल १८ वर्षांचं झालं की आईबापही कायद्याने त्याचे पालक राहत नाहीत, हे फार जणांना ठाऊक नसतं. आत्ममग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व (बेबी यात येते) आणि बहुविकलांगता, या चार गटांसाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्यात एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. कायदेशीर पालक तीच नेमते, कोर्टात जावं लागत नाही. पालकाने नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशोब सादर करायचा. वाईट वागला तर समिती त्याला काढू शकते. पालकत्व वारसाने पुढे जात नाही, म्हणून तुमच्या मागे अर्ज कोण करणार हे मुलाशी आजच बोला. ज्या कामांना खरंच पालक लागतो तेवढ्यापुरताच तो असावा. भाजी कुठली आणि मैत्रीण कोण, यासाठी पालक लागत नाही. याच न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, १ लाख रुपयांपर्यंत, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीही त्यात येतात. कार्यशाळेतून फॉर्म भरून घेता येईल.

फ्लॅटचं मृत्युपत्र वकिलाकडून करा. थेट बेबीच्या नावावर केलात तर पुढे विकायची वेळ आली की गुंता होतो. सगळा मुलाच्या नावावर केलात तर तिचं राहणं त्याच्या भलेपणावर टांगलेलं राहतं. मधला रस्ता म्हणजे तिला हयातभर राहण्याचा हक्क, किंवा तिच्यासाठी खासगी न्यास, म्हणजे ट्रस्ट. स्थावर मालमत्तेचा न्यास मृत्युपत्राऐवजी हयातीतच केलात तर त्याच्या दस्ताची नोंदणी लागते. तुमच्या घडीला कुठलं बसतं ते वकील सांगेल, पण जाताना मुलालाही न्या आणि सुनेलाही.

सुनेचं राहिलंच. ती काही बोलत नाही, असं तुम्ही लिहिलंत. त्या रात्री वाकडहून दहा वाजता धावत आलेली तीच होती. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ तुम्ही लावलात, आणि बेबीला ओझं म्हणून मोकळे झालात. तिला विचारा. कदाचित ती म्हणेल, कायम नको, पण दर शनिवारी मी येईन. अशी शनिवारी येणारी वहिनी म्हणजे बेबीच्या आयुष्यातला मोठा आधार आहे. चोवीस तासांचा भार कुणा एकीवर टाकला की तीच वहिनी पाच वर्षांत थकून जाईल. मुलालाही सांगा, आणू म्हणणं हे प्रेम आहे, पण ती जागा ठरवायची असेल तर तिच्यासाठी वेगळी खोली, कार्यशाळेला जायची सोय आणि दिवसभराचं काम, हे आधी बघ.

तब्येतीचं एक. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइडचा त्रास पुष्कळांना होतो, वर्षातून एकदा तपासणी करा. आणि विस्मरणाचा आजार या मंडळींत इतरांपेक्षा लवकर, चाळिशी-पन्नाशीतच सुरू होऊ शकतो. बेबी ३६ची आहे. तुमच्या वहीत आज तिला काय काय येतं ते नीट लिहिलेलं असेल, तर पुढे काही निसटायला लागलं तर डॉक्टरांना त्या वहीवरून कळेल. संस्था बघताना हाही प्रश्न विचारा: हिला उद्या जेवण भरवावं लागलं तर ठेवाल का? बोलतात काय ते ऐकाच, पण तिथे सध्या असं कुणी आहे का आणि त्याची नखं कापलेली आहेत का, तेही बघा.

एवढं सगळं एकदम करू नका. आधी दोन रात्री, मग पीपीओ, मग मैत्रिणीच्या घरी चहाला. जाताना बेबीला बरोबर न्या.

आणि दोन रात्रींनंतर मला पत्र लिहा, पण बेबीला शेजारी बसवून. लिहिलेली ओळ तिला वाचून दाखवा, ती म्हणेल ते तिच्याच शब्दांत घाला. तुमच्या पत्रात तिचं नाव तीनदा आलं, तिन्ही वेळा बेबी म्हणून. छत्तीस वर्षांच्या त्या बाईचं खरं नाव काय, तेवढं या वेळी लिहा.